फुप्फुस प्रत्यारोपणातील रक्तस्राव: टाका कुठे घालायचा आणि रक्त किती द्यायचे

हृदयाच्या उजव्या बाजूने ढकललेले सगळेच्या सगळे रक्त फुप्फुसांतून जाते. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसात हे प्रमाण मिनिटाला सुमारे ५ लिटर असते, आणि साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच ४ लिटरच्या थोडे वर असते. फुप्फुस प्रत्यारोपणात शल्यचिकित्सकाला हीच वाट कापायची असते, काही काळ बंद ठेवायची असते आणि दात्याच्या फुप्फुसाला जोडून पुन्हा सुरू करायची असते. त्यामुळे या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाची धास्ती असणे स्वाभाविक आहे. मात्र त्या धास्तीला आणखी एक पदर आहे. गेलेल्या रक्ताची भरपाई करण्यासाठी जे द्यावे लागते, तेच नव्या फुप्फुसाला बाधू शकते. इतर बऱ्याच शस्त्रक्रियांत ‘रक्त गेले, रक्त दिले’ हा हिशेब चालून जातो. इथे तो चालत नाही. म्हणून वाहणारे रक्त नेमके कशामुळे वाहते आहे हे ओळखणे आणि त्याप्रमाणे मोजून उपाय करणे, याला या शस्त्रक्रियेत फार महत्त्व आहे.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पहिली वाट फुप्फुसधमनीची. तिच्यातून प्रचंड रक्त वाहते, पण दाब अगदी कमी असतो. निरोगी माणसात तो सरासरी पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. दाब कमी असल्यामुळे तिची भिंतही पातळ असते. दुसरी वाट श्वासनलिकांच्या भिंतींना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांची. या धमन्या महाधमनीतून किंवा तिच्या शाखांतून निघतात, त्यामुळे त्यांच्यात दंडावर मोजतो तसा पूर्ण रक्तदाब असतो. मात्र निरोगी माणसात हृदयाच्या एकूण रक्तापैकी जेमतेम एक-दोन टक्के रक्त या वाटेने जाते. प्रत्यारोपणात श्वासनलिका, फुप्फुसधमनी आणि हृदयाच्या डाव्या अलिंदाला लागून असलेला फुप्फुसशिरांचा काठ असे तीन जोड घातले जातात. श्वासनलिकेच्या त्या बारीक धमन्या बहुतेक ठिकाणी जोडल्या जात नाहीत. जुन्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या अशा धमन्यांची तोंडे मात्र छातीत मागे राहतात आणि ती नीट बंद केली नाहीत तर वाहतात.

आजाराने या दुसऱ्या वाटेचे स्वरूप पार बदलून जाते. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार किंवा श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा ब्रॉन्किएक्टॅसिस हा आजार ज्यांना वर्षानुवर्षे असतो, त्यांच्यात सततच्या जंतुसंसर्गामुळे या बारीक धमन्या फुगून जाड आणि वेड्यावाकड्या होतात. फुप्फुस छातीच्या आतल्या भिंतीला चिकटते आणि त्या चिकटलेल्या भागातून छातीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या थेट फुप्फुसात शिरतात. फुप्फुसाभोवती वारंवार हवा भरते म्हणून ज्यांच्या छातीत पूर्वी मुद्दाम टाल्कची पूड टाकून फुप्फुस चिकटवलेले असते, किंवा ज्यांची छातीची शस्त्रक्रिया आधी झालेली असते, त्यांच्यातही हेच दिसते. अशा रुग्णाचे जुने फुप्फुस सोडवून काढणे हे कित्येकदा नवे बसवण्यापेक्षा अवघड आणि अधिक रक्त सांडणारे काम ठरते. प्रत्यारोपण म्हटले की लोकांच्या मनात नवे फुप्फुस जोडण्याचा क्षण येतो. रक्तस्रावाच्या दृष्टीने पाहिले तर जुने काढण्याचे तास जास्त कसोटीचे असतात.

मानवातले पहिले फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी केले आणि तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश १९८३ साली टोरंटोमध्ये जोएल कूपर यांच्या चमूला मिळाले. ते एका फुप्फुसाचे प्रत्यारोपण होते. पुढे दोन्ही फुप्फुसे एकत्रच, एका जुडग्यासारखी बसवण्याची पद्धत आली. तिला हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसाचे काम करणारे यंत्र, लागे आणि हृदयामागच्या खोल जागेत बरीच चिरफाड करावी लागे, जिथला रक्तस्राव आवरणे कठीण जाई. नंतर एक फुप्फुस बदलून झाल्यावर दुसरे बदलायचे, अशी पद्धत रूढ झाली. तिचा एक मोठा फायदा म्हणजे एक बाजू काम करत असताना दुसरी बदलता येते आणि यंत्राची गरज पुष्कळदा टळते.

रक्तस्राव आवरण्याची तयारी छाती उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. अडचण अशी की ही शस्त्रक्रिया ठरवून दिलेल्या तारखेला होत नाही. दाता मिळाल्याचा निरोप रात्री-अपरात्री येतो आणि दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस थंड पेटीत काही तासच टिकते. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर नेहमीप्रमाणे पाच दिवस आधी त्या बंद करण्याची सोय इथे नसते. वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के आणि गोठण-घटकांचे संहत औषध देऊन तिचा परिणाम उलटवतात. डॅबिगॅट्रनसाठी इडारुसिझुमॅब हे नेमके उताऱ्याचे औषध आहे. क्लोपिडोग्रेलला असा उतारा नाही, म्हणून प्रतीक्षायादीतल्या रुग्णांची औषधे ठरवतानाच डॉक्टर हा विचार करून ठेवतात. ज्यांच्या फुप्फुसधमनीतला दाब वाढलेला आहे आणि त्यासाठी ज्यांना एपोप्रोस्टेनॉल सतत चालू आहे, त्यांच्या प्लेटलेट्स त्या औषधानेही काहीशा मंदावलेल्या असतात. आणि जो रुग्ण प्रत्यारोपणाची वाट पाहत आधीपासूनच एक्मोवर, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्रावर आहे, त्याच्या रक्तातले व्हॉन विलेब्रँड नावाचे प्रथिन यंत्रातल्या वेगवान प्रवाहाने तुटत राहते. प्लेटलेट्सची संख्या ठीक दिसूनही त्या जखमेला नीट चिकटत नाहीत.

रक्तपेढीला निरोप पहिल्याच टप्प्यात जातो. ज्या रुग्णाला पूर्वी बऱ्याचदा रक्त दिलेले असते त्याच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात, आणि मग जुळणारे रक्त शोधायला वेळ लागतो. हा वेळ शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर काढणे परवडत नाही. भूलतज्ज्ञ रुग्णाच्या मानेत आणि हातात जाड सुया बसवून ठेवतात, कारण गरज पडली तर मिनिटाला शेकडो मिलिलिटर रक्त आत गेले पाहिजे, आणि तेही गरम करून. धमनीत एक बारीक नळी राहते, जिच्यामुळे रक्तदाब प्रत्येक ठोक्याला पडद्यावर दिसतो. ट्रॅनेक्सामिक ॲसिड बहुधा सुरुवातीलाच दिले जाते. तयार झालेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवू पाहते, ती प्रक्रिया हे औषध थांबवते. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनातून १९६०च्या दशकात आलेले हे औषध स्वस्त आणि उपयोगी आहे. फक्त फार मोठ्या मात्रेत त्याने झटके येऊ शकतात, म्हणून मात्रा बेतूनच ठेवतात.

दोन्ही फुप्फुसे बदलायची असतील तर छाती अनेकदा समोरून आडवी, उरोस्थी (छातीच्या मधले हाड) कापून उघडली जाते. हा छेद घेताना उरोस्थीच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या धमन्या बांधून तोडाव्या लागतात. त्यांतली एखादी बांधायची राहिली किंवा तिची गाठ सैल पडली तर ती शेवटी छाती मिटताना डोके वर काढते. त्यानंतर चिकटलेले फुप्फुस सोडवण्याचे काम सुरू होते. ते विजेच्या चाकूने, क्लिपा लावत, थोडे थोडे करत पुढे न्यावे लागते. फुप्फुसाच्या शेजारून श्वासपटलाला जाणारी मज्जातंतू जाते आणि ती भाजली तर नवे फुप्फुस मिळूनही रुग्णाला श्वास ओढणे जड जाते, त्यामुळे दिसेल ते डागत सुटता येत नाही.

जुने फुप्फुस बाहेर आले की अनुभवी शल्यचिकित्सक घाई करत नाही. नवे फुप्फुस बर्फातून बाहेर यायचे असते, वेळ मोजला जात असतो, आणि तरीही तो रिकामी छाती शांतपणे तपासतो. याला सबळ कारण आहे. फुप्फुसाच्या मुळामागचा, अन्ननलिका आणि महाधमनी यांच्याजवळचा भाग आत्ता उघडा दिसतो; श्वासनलिकेच्या त्या फुगलेल्या धमन्यांची तोंडे इथेच असतात. नवे फुप्फुस जोडून फुगले की हा भाग त्याच्या आड जातो. नंतर तिथून रक्त येऊ लागले तर ताजे टाके घातलेले फुप्फुस उचलून, हृदय बाजूला सारून मागे पाहावे लागते. त्यात टाक्यांवर ताण येतो, हृदय दबून रक्तदाब कोसळतो आणि कधी कधी त्या जागी पोचण्यासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. आत्ता घालवलेली दहा मिनिटे पुढचे दोन तास वाचवतात.

मोठ्या रक्तवाहिनीला चीर जाणे ही वेगळ्याच पातळीवरची आणीबाणी असते. फुप्फुसधमनी पातळ असते, आणि दाब वाढलेल्या आजारात ती ताणलेली व ठिसूळही असते. चिमटा लावताना किंवा टाका ओढताना ती फाटू शकते. अशा वेळी पहिला उपाय साधाच असतो: त्या जागी बोट ठेवायचे. दाब कमी असल्यामुळे बोटाखाली रक्त थांबते, आणि त्या अवधीत भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला व चमूला पुढचे ठरवायला वेळ मिळतो. बोटाऐवजी घाईने आंधळेपणी चिमटा लावला तर चीर वाढते. नंतर हृदयाभोवतीचे आवरण उघडून धमनी अधिक आत, म्हणजे हृदयाच्या जवळ, ताब्यात घेतात आणि तिथे चिमटा लावून फाटलेली जागा शिवतात. डाव्या अलिंदाचा चिमटा निसटणे याहून वाईट, कारण तिथून रक्त बाहेर येतेच, शिवाय हवा आत शिरून थेट मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. अशा प्रसंगी एक्मो किंवा हार्ट-लंग मशीन सुरू करण्याची तयारी आधीपासून ठेवलेली असेल तरच काही मिनिटांत ते जमते.

या दोन यंत्रांतला फरक रक्तस्रावाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. दोन्ही यंत्रे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळून परत आणतात. हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त साठवणारी टाकी असते आणि छातीत सांडलेले रक्त ओढून थेट त्या टाकीत घेता येते, म्हणून प्रचंड रक्तस्रावात ते फार उपयोगी ठरते. पण त्यासाठी रक्त गोठू न देणारे हेपारिन भरपूर, दर किलो वजनामागे ३०० ते ४०० युनिट इतके द्यावे लागते, रक्त पातळ होते आणि प्लेटलेट्सचे नुकसान होते. एक्मोचा मार्ग बंदिस्त असतो, त्याला कमी हेपारिन पुरते आणि एकंदरीत रक्त व रक्तघटक कमी द्यावे लागतात. म्हणून प्रत्यारोपणाच्या अनेक केंद्रांचा कल आता एक्मोकडे आहे. मात्र एक्मोला टाकी नसते. अंगातले रक्त कमी झाले की त्याच्या नळ्या थरथरू लागतात आणि प्रवाह पडतो. तेव्हा एक्मोवर असताना मोठी रक्तवाहिनी फाटली तर चमूला कधी कधी हार्ट-लंग मशीनकडे वळावे लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. छातीत रक्त साचते आहे. ते कुठल्या तरी छिद्रातून येते आहे की रक्ताची गोठण्याची शक्तीच संपली आहे? पहिल्या प्रकारात रक्त एका ठिकाणाहून येते, पुसले की पुन्हा तिथूनच उमटते, आणि साचलेल्या रक्तात गुठळ्या दिसतात. दुसऱ्या प्रकारात माठाच्या अंगावर पाणी झिरपावे तसे ते सगळीकडून झिरपते: कापलेल्या हाडातून, टाक्यांच्या छिद्रांतून, सुया टोचलेल्या जागांतून, आणि साचलेले रक्त पातळच राहते. छिद्राला टाका हवा. तिथे प्लाझ्माच्या, म्हणजे गोठण-घटक असलेल्या रक्तद्रवाच्या, पिशव्यांवर पिशव्या चढवून काही साधत नाही. उलट, झिरपणाऱ्या रक्तावर टाके घालत बसले तर प्रत्येक नव्या सुईचे छिद्रही वाहू लागते. तिथे दाबून धरणे, गोठणाला मदत करणारे पट्टे व फायब्रिनचा गोंद वापरणे आणि रक्त सुधारणे हाच मार्ग असतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार बहुधा एकत्र असतात, आणि टेबलाच्या एका बाजूचा शल्यचिकित्सक व दुसऱ्या बाजूचा भूलतज्ज्ञ यांनी मोकळेपणाने एकमेकांना विचारले नाही तर दोघेही दुसऱ्याच्या उपायाची वाट पाहत राहतात.

गोठण बिघडण्याची कारणे एकात एक गुंतलेली असतात. छाती तासन्‌तास उघडी असते आणि थंड केलेले फुप्फुस आत ठेवलेले असते, त्यामुळे अंग गार पडते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की प्लेटलेट्स सुस्तावतात. रक्तपुरवठा अपुरा पडून रक्तातले आम्ल वाढले की गोठणाचे घटक नीट काम करत नाहीत. रक्ताच्या पिशव्यांत गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते आणि ते रुग्णाच्या रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियमशिवाय गोठणही होत नाही आणि हृदयही जोराने आकुंचन पावत नाही. म्हणून ऊब, कॅल्शियम आणि आम्लाचा तोल या तीन गोष्टी आधी जागेवर आणायच्या असतात. त्या न करता दिलेली महागडी औषधे वाया जातात.

नेमकी उणीव कशाची आहे हे पाहण्यासाठी रक्ताचा थेंब गोठताना त्याची ताकद मोजणारे यंत्र शस्त्रक्रियागृहातच ठेवलेले असते. या तंत्राचा पाया जर्मनीतील हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ साली घातला. पडद्यावर एक आलेख हळूहळू उमटतो: आधी सरळ रेघ, मग ती दुभंगून चंबूसारखी रुंदावते. रेघ दुभंगायला उशीर झाला तर गोठण-घटक कमी आहेत किंवा हेपारिन शिल्लक आहे. चंबू अरुंद राहिला तर फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रथिन) किंवा प्लेटलेट्स कमी आहेत. रुंदावून पुन्हा निमुळता झाला तर गुठळी विरघळते आहे. हे दहा-पंधरा मिनिटांत कळू लागते, तर प्रयोगशाळेचा नेहमीचा अहवाल येईपर्यंत छातीतली परिस्थिती बदललेली असते. मोठ्या रक्तस्रावात सगळ्यांत आधी धोक्याच्या पातळीखाली जाते ते फायब्रिनोजेन. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते १५० ते २०० मिलिग्रॅमच्या वर राखण्याचा प्रयत्न असतो. रक्त वाहत असताना प्लेटलेट्सही किमान ५० हजारांच्या, आणि बऱ्याचदा त्याहून वरच्या पातळीवर ठेवाव्या लागतात.

इतका काटेकोरपणा का, हे समजण्यासाठी नव्या फुप्फुसाची अवस्था पाहावी लागेल. ते काही तास रक्ताशिवाय आणि थंडीत राहिलेले असते. त्याच्या केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात आणि पाणी काढून नेणाऱ्या त्याच्या लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात. त्यावर जास्तीचा द्रव आला की तो हवेच्या पिशव्यांत झिरपतो. पहिल्या ७२ तासांत नवे फुप्फुस सुजून, पाण्याने भरून निकामी होऊ लागणे ही प्रत्यारोपणानंतरची सर्वांत गंभीर सुरुवातीची गुंतागुंत आहे, आणि शस्त्रक्रियेत मोठ्या प्रमाणावर दिलेल्या रक्ताशी तिचा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. प्लाझ्मा व प्लेटलेट्समधल्या दात्याच्या प्रतिपिंडांमुळे फुप्फुसाला वेगळी इजाही होऊ शकते. परक्या पांढऱ्या पेशींमुळे पुढे नकाराची प्रतिक्रिया बळावू नये म्हणून त्या गाळून काढलेले रक्त वापरले जाते.

म्हणून कमी आकारमानात जास्त परिणाम देणाऱ्या औषधांना इथे महत्त्व येते. साठ किलोच्या माणसाला प्लाझ्माची परिणामकारक मात्रा सुमारे ९०० मिलिलिटर होते. फायब्रिनोजेनचे संहत औषध १०० मिलिलिटरच्या आसपास द्रवात काम करते. मात्र रक्त धो धो वाहत असेल तेव्हा आलेखाची वाट पाहणे परवडत नाही. तिथे तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स जवळजवळ सारख्या प्रमाणात देत राहावे लागते आणि वेग आवरला की पुन्हा मोजमापाकडे वळावे लागते. माणूस वाचला तर फुप्फुसाची काळजी करता येईल, हा क्रम त्या वेळी कोणी विसरत नाही. छातीत सांडलेले रक्त धुऊन परत देणारे यंत्र तांबड्या पेशी वाचवते. पण त्यात प्लेटलेट्स आणि गोठण-घटक उरत नाहीत, आणि जंतूंनी भरलेल्या फुप्फुसाच्या रुग्णात ते वापरताना दूषित रक्त परत जाण्याची शंका असते. सक्रिय केलेला सातवा गोठण-घटक हा अगदी शेवटचा उपाय समजला जातो, कारण तो ताज्या जोडांत किंवा एक्मोच्या नळ्यांत नको तिथे गुठळी करू शकतो.

हेपारिनचा परिणाम उलटवणारे प्रोटामाइन साधारणतः १०० युनिट हेपारिनमागे १ मिलिग्रॅम या हिशेबाने, सावकाश दिले जाते. सावकाश अशासाठी की काही रुग्णांत ते फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या एकदम आकसवते. नुकत्याच जोडलेल्या फुप्फुसात रक्त ढकलणारे हृदयाचे उजवे निलय तो भार सोसू शकत नाही.

एवढे करूनही झिरपणे थांबत नसेल तर छातीत गॉज दाबून भरतात, ती वरवर झाकतात आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात नेतात. तिथे अंगात ऊब आणून, रक्त सुधारून एक-दोन दिवसांनी गॉज काढून छाती पूर्ण मिटतात. नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो, पण हा पराभव नसतो. सुजलेल्या फुप्फुसावर आणि दमलेल्या हृदयावर छाती जबरदस्तीने मिटवण्यापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित असते.

अतिदक्षता विभागात लक्ष छातीत साचलेले रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्यांवर असते. रक्त तासाला २०० मिलिलिटर या वेगाने काही तास सतत येत राहिले, किंवा एकदम त्याहून बरेच जास्त आले, तर पुन्हा छाती उघडण्याचा विचार होतो. नळी अचानक कोरडी पडणे ही मात्र चांगली बातमीच असेल असे नाही. ती गुठळीने बंद होऊन रक्त आतच साचत असेल, तर रक्तदाब उतरू लागतो, श्वास देणाऱ्या यंत्रावरचा दाब चढतो आणि एक्स-रेत ती बाजू पांढरी दिसते. अशा वेळी नळीतल्या आकड्यावर विसंबून न राहता सोनोग्राफी करून पाहतात. रक्तस्राव थांबल्याची खात्री झाली की एक-दोन दिवसांतच रक्त गोठू नये यासाठी हेपारिनची लहान मात्रा सुरू करावी लागते, कारण अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णांत पायांतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो, आणि तिथून सुटलेली गुठळी नव्या फुप्फुसातच जाऊन अडकते.